विजेची हद्द

चांदूर रेल्वेत मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी मागच्या हिवाळ्यात घरी आला. चेहरा उतरलेला. गिऱ्हाइकाच्या फोनला त्याने एका जुन्या अॅडॉप्टरवरून वीज दिली, फोनमध्ये शॉर्ट होता, आणि डोळ्यांदेखत बोर्ड जळाला. भरपाई त्याच्या खिशातून गेली. "सर, व्होल्टेज तर बरोबर होतं," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. व्होल्टेज बरोबरच होते. करंटला हद्द घातलेली नव्हती.

अरबीतला 'हद्द' मराठीत आला आणि गावाच्या शिवेपर्यंत पोहोचला. विजेलाही हद्द लागते. ती घालायला आपली माणसे फार पूर्वी शिकली होती. जुन्या रेडिओ मेकॅनिकचा सिरीज बोर्ड आठवा. लाकडी फळीवर १०० वॅटचा बल्ब, आणि दुरुस्तीची वस्तू त्याच्याशी सिरीजमध्ये जोडलेली. वस्तूत शॉर्ट असला की बल्ब भक्क पेटायचा, पण २३० व्होल्टवर त्यातून अर्धा अँपिअरही जात नसे. बल्ब पेटला, वस्तू वाचली. करंट लिमिटचा हा आपला गावठी अवतार. त्यात हुनर होते, पण बल्बची हद्द हवी तशी कमीजास्त करता येत नव्हती.

ती बटण फिरवून ठरवता येणारे सप्लाय प्रयोगशाळांत होते. महाराष्ट्रात या कामात मोठे नाव म्हणजे ठाण्याची अॅपलॅब. प्रभाकर देवधर यांनी ती १९६२ मध्ये सुरू केली. पुढे ते केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स कमिशनचे अध्यक्ष झाले. विद्युत मोजणीच्या उपकरणांबरोबर कंपनीने पॉवर सप्लायही बनवले. पण अशी उपकरणे तालुक्याच्या दुकानदाराला परवडणारी नव्हती.

त्या काळातले बहुतेक सप्लाय लिनिअर पद्धतीचे. त्यांत जास्तीचे व्होल्टेज उष्णता करून फेकले जाते. समजा आत ३० व्होल्ट आहेत आणि बाहेर ५ व्होल्टवर २ अँपिअर हवेत. कामाची वीज १० वॅट, आणि तापून वाया जाणारी ५० वॅट. म्हणून ते जड ट्रान्सफॉर्मर, ती मोठी हीटसिंक.

स्विचिंग पद्धतीत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहत नाही. तो सेकंदाला हजारो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतो. कॉइल आणि कपॅसिटर त्या तुकड्यांची सलग धार करतात. चालू राहण्याचा वेळ कमी केला की बाहेरचे व्होल्टेज कमी. उष्णता थोडी, वजन थोडे. ही पद्धत आधी लष्करी आणि अवकाश क्षेत्रातल्या महागड्या यंत्रांत होती. अमेरिकेत रॉबर्ट बोशर्ट यांनी १९७० च्या सुमारास नोकरी सोडून स्वयंपाकघरातल्या टेबलावर सप्लाय बनवायला घेतले आणि पुढे स्विचिंग सप्लाय स्वस्त करून दाखवला. १९७७ च्या अॅपल टू संगणकात रॉड होल्ट यांनी रचलेला स्विचिंग सप्लाय होता, १९८१ च्या आयबीएम पीसीतही तसाच, ६३.५ वॅटचा. संगणक गावोगावी आले, जुने झाले, आणि त्यांचे एसएमपीएस भंगारात गेले. त्यांतल्या कितीतरी डब्यांत टीएल ४९४ ही चिप होती. प्रयोगशाळेतले तंत्र असे भंगाराच्या वाटेने आपल्या दारात आले.

या चिपमध्ये तुलना करणारे दोन भाग आहेत. एक व्होल्टेजवर नजर ठेवतो, दुसऱ्याला करंटवर ठेवता येते. करंटच्या वाटेत ०.१ ओहमचा रेझिस्टर घातला तर २ अँपिअरला त्यावर ०.२ व्होल्ट मिळतात. बटणाने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा ते वाढू लागले की चिप ट्रान्झिस्टरचा चालू वेळ कापते. म्हणजे पाण्याच्या टाकीतला फ्लोटच. ही कल्पना विजेपेक्षा कितीतरी जुनी आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी 'किताबुल हियल' या ग्रंथात पाणी आपोआप थांबवणारी तरंगत्या गोळ्याची साधने वर्णिली. त्याआधी अलेक्झांड्रियाच्या ग्रीकांना फ्लोट माहीत होता. या भावांनी ग्रीक ग्रंथांचे अरबीत भाषांतर करून घेतले आणि त्या ज्ञानात स्वतःची भर घातली. आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो, पण दुसऱ्यांचे ज्ञान आपल्या भाषेत आणण्याची त्यांची मेहनत विसरतो.

माझ्या विद्यार्थ्याच्या हातात हुनर होते. इल्म इंग्रजी कागदांत अडकले होते. मी भाषेचा शिक्षक, सोल्डरिंग मला येत नाही. पण टीएल ४९४ चा माहितीकागद आम्ही दोघांनी रविवारी सकाळी बसून वाचला. शब्द मी लावत गेलो, अर्थ तो.

एक गोष्ट मी आधीच बजावली होती. भंगारातला एसएमपीएस उघडून त्यात हात घालायचा नाही. २३० व्होल्टचा एसी आत डीसी झाला की कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट उभे राहतात, आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतात. म्हणून आम्ही लॅपटॉपचा १९ व्होल्टचा धड अॅडॉप्टर घेतला. भिंतीतली वीज त्यानेच वेगळी केलेली असते. त्यापुढे चिप, मोसफेट, कॉइल, डायोड, कपॅसिटर आणि दोन बटणे. एक व्होल्टेजचे, एक करंटचे.

चौथ्या रविवारी त्याने ४ व्होल्ट लावले, करंट अर्ध्या अँपिअरवर बांधला आणि दोन्ही वायरी मुद्दाम एकमेकींना टेकवल्या. मी नकळत मागे सरकलो. मीटरवर व्होल्टेज जवळजवळ शून्यावर आले, करंट अर्ध्यावरच थांबला. ना ठिणगी, ना धूर.

"सर, हद्दीत राहिला," तो म्हणाला. आता तो सप्लाय त्याच्या दुकानात आहे. झाकणावर बटणांची नावे त्याने स्वतः लिहिली आहेत. एकाखाली 'व्होल्टेज', दुसऱ्याखाली 'हद्द'.