लालपत्तीचे नाव

दिवाळी सरता सरता बंगल्यांच्या आवारातले एक लहानसे झाड शेंड्याकडून तांबडे होऊ लागते. कोणी त्याला लालपत्ती म्हणतात, कोणी पॉइनसेटिया. आपण ज्यांना पाकळ्या समजतो, ती खरे पाहता रंगलेली पानेच. फुले बिचारी मधल्या हिरवट-पिवळ्या गोंड्यांत दडलेली असतात. फांदी मोडली की पांढरा चीक ठिबकतो. आपल्या कुंपणाचा शेर आणि त्रिधारी निवडुंग हे याचे सख्खे भाऊबंद!

झाड मूळचे मेक्सिकोचे. तेथील अझ्टेक लोक त्याला क्वेतलाशोचित्ल म्हणत आणि त्याच्या तांबड्या पानांपासून रंग काढीत. 1521 मध्ये स्पॅनिश लोकांनी त्यांचे राज्य बुडवले. पुढे ऐन नाताळात रंगणाऱ्या या झाडाला 'नोचेबुएना', म्हणजे नाताळची पूर्वरात्र, हे नाव पडले.

1825 मध्ये जोएल पॉइनसेट हा अमेरिकेचा वकील म्हणून मेक्सिकोत आला. त्याने हे झाड मायदेशी धाडले. 1829 मध्ये ते फिलाडेल्फियाच्या पुष्पप्रदर्शनात झळकले आणि 1836 मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला पॉइनसेटचे नाव दिले. हा गृहस्थ मेक्सिकोच्या राजकारणात इतकी ढवळाढवळ करी, की तेथील सरकारने त्याला परत बोलावून घ्यायला लावले. पुढे तो अमेरिकेचा युद्धमंत्री झाला. 1838 मध्ये त्याच्याच खात्याच्या फौजेने चेरोकी लोकांना बंदुकीच्या धाकाने घरांतून काढून पश्चिमेकडे हाकलले. त्या वाटचालीत हजारो माणसे मेली.

शास्त्रज्ञांच्या वहीत मात्र या झाडाचे नाव 1834 चे, क्लोट्श यांनी प्रसिद्ध केलेलेच टिकले आहे : युफोर्बिया पुल्केरिमा. पुल्केरिमा म्हणजे अतिसुंदर.

लावायचे तर सोपे. बहर ओसरला की फांद्या छाटाव्यात. त्यांतली जून कांडी निवडावी, चीक सुकू द्यावा आणि मग ती निचऱ्याच्या मातीत रोवावी. चीक अंगाला लागला तर खाज सुटते, म्हणून हात धुवावेत. ऑगस्टपर्यंत शेंडे खुडत राहिले, की झाड डेरेदार होते. त्यानंतर त्याला हवा फक्त अंधार. रात्र बारा तासांहून मोठी झाली, की ते रंगते. आमच्या शाळेच्या कुंपणाशी अशी दोन झाडे आहेत. एक दिव्याच्या खांबाखाली, दुसरे विहिरीमागच्या काळोखात. खांबाखालचे डिसेंबरातही हिरवेगार असते, विहिरीमागचे पेटल्यासारखे दिसते.

वर्गात मुले या झाडाचे नाव विचारतात, तेव्हा मी फळ्यावर 'लालपत्ती' असे लिहितो. त्याखाली क्वेतलाशोचित्ल हेही लिहितो. उच्चारताना मुलांची जीभ अडखळते, वर्गात हशा पिकतो. पिकू द्यावा. ज्यांनी हे झाड पिढ्यान्‌पिढ्या जोपासले, त्यांचा शब्द एवढ्या निमित्ताने तरी मुलांच्या तोंडी येतो.