अण्णांचा नकार

मागच्या चातुर्मासातली गोष्ट. सूर्यास्ताआधी जेवणं उरकली, मी ओटा पुसत होते आणि सूनबाई दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, मला दोन वर्षांसाठी युरोपात काम मिळतंय."

ती पुरातत्त्वशास्त्रात एम. ए. झालेली. उत्खननात जनावरांची हाडं सापडतात ना, ती ओळखायची, मोजायची, हे तिचं काम. स्थळ आलं तेव्हा आमच्या नात्यातल्या बायकांनी नाकं मुरडली होती. जैनाच्या घरात हाडांची विद्या! मीच तेव्हा सगळ्यांना गप्प केलं होतं. शिकलेली सून हवी असा माझाच हट्ट. आणि त्या संध्याकाळी माझ्याच तोंडून काय निघालं? "आता? एखादं मूल होऊ दे, मग बघू. आणि कांदा-बटाट्याशिवाय तिकडे खाणार काय तू?"

ती काही बोलली नाही. रात्री मला झोप लागेना, म्हणून कपाटातून इरावती कर्व्यांचं 'परिपूर्ती' काढलं. कॉलेजपासूनचं माझं लाडकं पुस्तक. पण त्या रात्री मला बाईंपेक्षा त्यांचे सासरेच जास्त आठवत राहिले.

सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, घरातले अण्णा. मैत्रिणींनो, या माणसाने काय नाही केलं? १८९३ साली स्वतः एका विधवेशी लग्न केलं आणि त्यापायी बहिष्कार सोसला. १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ उभं केलं. सून म्हणून त्यांच्या घरात आली ती इरावती करमरकर. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला, म्हणून तिथल्या नदीचं नाव. सातव्या वर्षी वडिलांनी तिला पुण्याला हुजूरपागेत शिकायला पाठवलं. पुढे मुंबईला डॉ. घुर्यांच्या हाताखाली तिने एम. ए. केलं, प्रबंध होता चित्पावनांवर. नवरा दिनकर रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि स्वतः जर्मनीत शिकून आलेला.

१९२८ साली तिने बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करायचं ठरवलं, तेव्हा विरोध केला तो अण्णांनीच.

मी हे आधी दहा वेळा वाचलं असेल. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढा मोठा माणूस, आणि घरात आल्यावर असा कसा? आता वाटलं, असाच असतो. जगातल्या मुलींनी शिकावं असं मनापासून वाटणं वेगळं आणि आपल्या घरातलं एक ताट दोन वर्षं रिकामं राहणं वेगळं. अण्णांच्या मनात नेमकं काय असेल ते असो, माझ्या मनात तेवढंच होतं. आणि गंमत बघा, पुढच्याच वर्षी, १९२९ साली, एकाहत्तर वर्षांचे अण्णा स्वतः बोटीत बसले आणि इंग्लंड, अमेरिका करत जपानपर्यंत जाऊन आले! कशासाठी? स्त्रीशिक्षणाची गोष्ट जगाला सांगायला.

सून मात्र गेलीच. जीवराज मेहतांनी कर्ज दिलं, नवरा पाठीशी उभा राहिला. मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. सासऱ्यांचा नकार पचवता येतो, नवरा गप्प बसला तर तो नाही पचत. दिनकररावांनी अण्णांना काय सांगितलं असेल, जेवताना की अंगणात, हे ऐकायला मी काहीही देईन. आमचे चिरंजीव त्या संध्याकाळी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

बर्लिनमध्ये बाईंचे गुरू होते ऑयगेन फिशर. मोठं नाव, पण डोक्यात वंशश्रेष्ठतेचं खूळ. माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू अगदी सारखी नसते. हा फरक गोऱ्या माणसांत वेगळा असतो आणि त्याचा त्यांच्या बुद्धीशी संबंध आहे, असा त्यांचा कयास. तो सिद्ध करायचं काम दिलं या पुण्याच्या मुलीला. तिने १४९ कवट्या मोजल्या आणि लिहून टाकलं की असा काही संबंध दिसत नाही, फरक सगळ्यांतच असतो. परकं गाव, डोक्यावर कर्ज, घरी सासरे नाराज, आणि गुरूच्या तोंडावर हे असं लिहायचं! पदवी मिळाली, पण गुण कमी देऊन, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. १९३३ नंतर त्याच शास्त्राच्या नावाखाली जर्मनीत काय घडलं ते आपल्याला ठाऊक आहेच.

बाई परत आल्या आणि १९३१ ते १९३६ नोकरी केली ती सासऱ्यांनी उभ्या केलेल्या विद्यापीठाच्या कचेरीत. कवट्या वाचणारी बाई फायली वाचत बसली. घराचं देणं असंही फेडावं लागतं. १९३९ साली पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं, तेव्हा कुठे त्यांना आपलं काम मिळालं. डॉ. हसमुख सांकलियाही त्याच वर्षी तिथे आले.

त्या दोघांचं एक काम आपल्याकडच्या बायकांना फारसं माहीत नाही, आणि ते तर आपल्या शेजारच्या गुजरातेतलं. मेहसाणा जिल्ह्यातल्या लांघणजला १९४४ च्या सुमाराला उत्खनन झालं. गारगोटीची बारीक हत्यारं निघाली, गेंड्याच्या खांद्याचं हाड निघालं (त्या कोरड्या रेताड मुलखात गेंडा!), आणि गुडघे पोटाशी दुमडून पुरलेले माणसांचे सांगाडे. ते सांगाडे वाचायला बर्लिनची विद्या कामी आली. तेव्हा घरी तीन मुलं होती, धाकटी गौरी दोन-अडीच वर्षांची. हीच पुढे लेखिका झालेली गौरी देशपांडे. १९५१-५२ साली बाई पुन्हा लंडनला गेल्या, तेव्हा ती दहा वर्षांची असेल. तिला किती चुकल्यासारखं झालं असेल, हा प्रश्न मला आई म्हणून पडतोच. बाईंना दगडाची समजू नये. 'परिपूर्ती'त त्याच सांगतात की सभेत कर्व्यांची सून, प्राचार्यांची बायको अशी ओळख करून दिली तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. मग रस्त्यात शाळेतली पोरं आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवतात आणि त्या तृप्त होतात. लंडनला जाणारी आणि तृप्त होणारी बाई एकच होती. मला हे दोन वेगवेगळ्या बायकांचं वाटायचं.

आणखी एक सांगते, राग मानू नका. आपल्यात मुलगी दीक्षा घेऊन कायमची घर सोडते तेव्हा आपण वरघोडा काढतो, डोळे पुसतो, अनुमोदना करतो. दोन वर्षांनी परत येणाऱ्या मुलीला मात्र आपण दिवस मोजून दाखवतो. आणि परदेश परदेश तरी काय? १९२८ साली वापीहून आमच्या या सामरवरणीला यायचं तर तेही परदेशातच येणं होतं. १९५४ पर्यंत इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूनबाईला विचारलं, "तिकडे कसली हाडं मोजायची?" ती म्हणाली, "शेळ्यामेंढ्यांची. माणसांनी त्या कधी पाळायला घेतल्या ते कळतं त्यावरून." मी म्हटलं, "पर्युषणात पण मोजणार?" तर हसली. म्हणाली, "आई, ती केव्हाची मेलेली आहेत."

होकार मी अजून तोंडाने दिलेला नाही. व्हिसाचे कागद आलेत, ते मुलाने देवघराच्या फडताळात, माझ्या पोथ्यांजवळ ठेवलेत. मुद्दामच ठेवले असणार. रोज पोथी काढताना मी ते बाजूला सरकवते, आणि पुन्हा जागेवर ठेवते.