पिंपाची दुसरी नोकरी

अमेरिकेतल्या मित्रमंडळींच्या फोटोंत हल्ली एक गोष्ट हमखास दिसते. घरामागचा पॅटिओ, तिथे उभी केलेली दोन लाकडी पिंपं, त्यांवर आडवी टाकलेली जुन्या लाकडाची जाड फळी, आणि झाला घरगुती बार! फोटो बघून सगळे 'मस्त रे' म्हणतात. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळतो. ओक लाकडाचं धडधाकट पिंप, जे अजून पन्नास वर्षं सहज टिकेल, ते कुणी विकून कसं टाकतं?

उत्तर शोधताना थेट रोमपर्यंत जावं लागतं. तेव्हा मंडळी, शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

आधी शब्द. 'पीप' किंवा 'पिंप' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांचा 'पिपा' म्हणजे दारूचं मोठं लाकडी पीप, आणि ते एक मापही होतं. आपण त्यांची दारू बाजूला ठेवली आणि शब्द घेतला. आज आपल्या घरात पिंप म्हणजे पाणी भरून ठेवायचं पिंप. नळ गेला की त्याची किंमत कळते :)

आता रोम. तिथे वाइन आणि तेल प्रवास करायचं मातीच्या उंच, निमुळत्या कुंभांतून, म्हणजे अ‍ॅम्फोरांतून. घारापुरी आणि नेवाशाला त्यांचे तुकडे सापडलेत, म्हणजे हे पार्सल आपल्या दारापर्यंतही पोचत होतं. पण अ‍ॅम्फोराची मोठी अडचण वजनाची. एका नेहमीच्या प्रकारात साधारण २५ लिटर वाइन मावायची, आणि रिकाम्या कुंभाचं वजनही जवळजवळ २५ किलो. म्हणजे जहाजातलं निम्मं वजन नुसत्या पॅकिंगचं! शिवाय तेलाचे कुंभ पुन्हा वापरता येत नसत. ते फोडून टाकायचे. त्या खापरांची रोममध्ये चक्क टेकडी झाली. मोंते तेस्ताच्चो तिचं नाव, उंची सुमारे ३५ मीटर. यूज अँड थ्रो हे काही आपल्याच पिढीचं पाप नाही.

लाकडी पिंप रोमनांना मिळालं उत्तरेकडून. आल्प्सच्या भागातले लोक कडी घातलेल्या लाकडी भांड्यांत वाइन ठेवतात, असं प्लिनीनं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. इ. स. ११३ च्या ट्राजनच्या स्तंभावर नावेतली पिंपं कोरलेली दिसतात. आणि गंमत म्हणजे पिंपाची दुसरी नोकरीही तितकीच जुनी. रोमन ब्रिटनमध्ये रिकामी पिंपं जमिनीत उभी गाडून विहिरीचं अस्तर म्हणून वापरली. मातीखाली ओलीत राहिल्यामुळे त्यांतली काही आजही सापडतात. म्हणजे जुन्या पिंपाचं काहीतरी बनवणारे आपले मित्र एका फार लांब रांगेत उभे आहेत.

इंजिनियरच्या नजरेनं पाहिलं तर पिंप हे अफाट डिझाइन आहे. खिळा नाही, डिंक नाही. फळ्या मध्ये रुंद, टोकांना निमुळत्या, कडा तिरक्या तासलेल्या. आच देऊन त्या वाकवायच्या आणि बाहेरून लोखंडी कडी ठोकत न्यायची. कडं फुगीर पोटाकडे सरकतं तसं आणखी आवळतं. आत द्रव भरला की लाकूड फुगतं आणि फटी आपोआप बुजतात. आणि पोट फुगीर का? पिंप आडवं केलं की ते जमिनीला थोड्याशाच जागेवर टेकतं. सुमारे २०० लिटरचं बर्बनचं पिंप भरल्यावर पाव टनाच्या आसपास जातं, तरी एक माणूस ते लोळवतो आणि जागच्या जागी वळवतो. क्रेन नाही, फोर्कलिफ्ट नाही. 'टन' हा शब्दसुद्धा 'टन' नावाच्या मोठ्या पिंपावरूनच आलाय. जहाजात अशी किती पिंपं मावतात, ती त्याची क्षमता.

हे किती गंभीर प्रकरण होतं, ते स्पेनला विचारा. १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेकनं काडिझवर हल्ला केला. मग पोर्तुगालच्या किनाऱ्यालगत त्यानं जहाजं पकडली, त्यांत पिंपांसाठी वाळवलेल्या फळ्या आणि कडी होती. त्यानं ती जाळून टाकली. पुढच्या वर्षी स्पॅनिश आरमार निघालं ते कच्च्या लाकडाची पिंपं घेऊन. पिंपं गळली, पाणी खराब झालं, अन्न सडलं. आरमार हरण्याची कारणं बरीच होती, पण त्यांत या फळ्या नक्कीच होत्या. तोफा सगळ्यांना आठवतात, पॅकिंग कुणालाच नाही.

मग पिंप गेलं कुठे? दुसरा एक ड्रेक, एडविन, त्यानं १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर खणली. तेल भरायला हाताशी असतील ती पिंपं घेतली, व्हिस्कीचीसुद्धा. १८६६ मध्ये तिथल्या उत्पादकांनी ४२ गॅलन हे माप ठरवलं. आज तेल पाइपलाइननं आणि टँकरनं जातं, पण भाव अजून 'बॅरल'मध्येच निघतो. कंटेनर मेला, युनिट उरलं! विसाव्या शतकात पोलादी ड्रम आले, पुढे प्लास्टिक आलं. १९५० आणि ६० च्या दशकांत ब्रिटनमध्ये बिअरसुद्धा धातूच्या पिंपांत गेली. कूपर म्हणजे पिंपं घडवणारे कारागीर. कित्येक वर्षं उमेदवारी करून नुसत्या नजरेनं फळी तासणारे हे लोक. त्यांचं काम बघता बघता संपलं.

सगळीकडे नाही, मात्र. अमेरिकेत दारूबंदी डिसेंबर १९३३ मध्ये उठली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत व्हिस्कीची व्याख्या कायद्यात बसवली गेली. बर्बन ठेवायची ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या भांड्यातच. 'नव्या' हा शब्द महत्त्वाचा. एकदा वापरलेलं पिंप बर्बनसाठी बाद! आमच्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हे. पिंप खराब होत नाही, नियमानं निवृत्त होतं.

ही निवृत्त पिंपं मग जगभर फिरतात. स्कॉटलंडमध्ये ती पुन्हापुन्हा भरली जातात, कारण तिथल्या कायद्याला ओक हवा, नवा असण्याची अट नाही. टबॅस्को सॉसची मिरची व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत मुरते. गोव्यातल्या पॉल जॉनची सिंगल माल्टसुद्धा बर्बनच्या पिंपांत वाढते. आणि शेवटी, गळायला लागलं की बागेतली कुंडी किंवा पॅटिओवरचा बार.

या नियमावर माझं मत अजून पक्कं होत नाही. पिंपाजोगा ओक वाढायला बरीच दशकं लागतात, आणि एका भरणीनंतर त्याला 'जुना' म्हणायचं ही सरळ उधळपट्टी वाटते. पण दुसरीकडे बघा. मासे, खिळे, सिमेंट, बिअर, तेल, सगळ्यांनी पिंप सोडलं. जिथे कायद्यानं हात धरला तिथे ती कला जिवंत राहिली. केंटकीत आजही पिंपं मोठ्या संख्येनं बनतात. नियम नसता तर पिंप वाचलं असतं, पण बहुधा पिंप बनवता येणारी माणसं राहिली नसती. आपल्या क्षेत्रात टेक्नॉलॉजी बदलली की आपण सहज म्हणतो, 'रीस्किल व्हा.' हातांत वर्षानुवर्षं मुरलेली गोष्ट असली की ते इतकं सहज नसतं.

असो. कुणाला खरंच बार बनवायचा असेल तर दोन कामाच्या गोष्टी. रिकामं पिंप वाळतं, फळ्या आकसतात आणि कडी घसरतात. म्हणून प्रत्येक कड्यातून थोड्या थोड्या अंतरावर फळीत स्क्रू मारून घ्या, नाहीतर एखाद्या उन्हाळ्यात सगळं पिंप फुलासारखं उमलेल. आणि वरची फळी पॅलेटच्या लाकडाची करणार असाल तर त्यावरचा शिक्का वाचा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ती फळी घरात आणू नका.

आणि पिंप विकत घेताना आत डोकावून बघा. काळा कोळसा दिसला तर तो त्याच्या पहिल्या नोकरीचा दाखला समजा.