शून्यही लिहायचं असतं

मंडळी, एका कबुलीनं सुरुवात करतो. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. 'आधी पुरावा, मग विधान' हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा म्हटलं, की स्नेहसंमेलनात माझी नक्कल करताना मुलं हमखास तेच वापरायची. आणि तरीही निवृत्तीनंतर एका भरल्या वर्गात मी बिनपुराव्याचं विधान ठोकून दिलं. तेही कुणा राजा-महाराजाबद्दल नाही, चिमणीबद्दल.

झालं असं, की २० मार्चला, म्हणजे जागतिक चिमणी दिनाला, गावातल्या एका शाळेनं मला चार शब्द बोलायला बोलावलं. मी सांगितलं, 'आमच्या लहानपणी घराघरात चिमण्या होत्या. आरशावर चोची मारायच्या, फोटोमागं घरटी करायच्या. आता आपल्या गावातून चिमणी संपली.' मुलं गंभीर झाली. बाई हळहळल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, 'सर, आमच्या इथं तर लई आहेत.'

वर्ग हसला. मी विचारलं, 'कुठं राहतेस, बाळ?'

'मार्केट यार्डाच्या मागं. माझे वडील तिथं हमाल आहेत.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यार्डात गेलो. कितीतरी वर्षांनी गेलो असेन. अडत दुकानांच्या पत्र्याखाली, शटरच्या डब्यांत, फुटक्या वासाच्या टोकाशी सगळीकडे चिवचिवाट होता. ज्वारीच्या पोत्यांतून सांडलेल्या दाण्यांवर एक थवा उतरायचा, हमाल आला की उडायचा आणि तो वळला की पुन्हा उतरायचा. मी खांबाला टेकून उभा राहिलो आणि मनात म्हटलं, गावातून चिमणी संपलेली नाही, माझ्या कॉलनीतून संपली आहे. मी माझ्या कॉलनीलाच गाव समजून बसलो होतो.

आमचं गाव ना धड खेडं, ना धड शहर. मध्ये जुनं गावठाण, त्यात काही कौलारू आणि माळवदाची घरं उरलेली. भोवती स्लॅबच्या कॉलन्या, त्यापुढं नव्या इमारती आणि एकदम ऊस. अशी गावं आज महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. या सगळ्यात चिमणी नेमकी कुठं आहे आणि किती आहे, याची नोंद असायला हवी, म्हणून मी जुने कागद धुंडाळायला लागलो. आणि माझ्या लक्षात आलं, की चिमणीला इतिहासच नाही. म्हणजे इतिहास आहे, पण दप्तर नाही. पेशवे दप्तरात हत्ती-घोड्यांच्या नोंदी सापडतात. आपल्या देशात गुराढोरांची गणना १९१९-२० पासून होत आली आहे. पण चिमणी कोण मोजणार? जे सगळीकडे असतं, ते कुणी लिहून ठेवत नाही.

जगात चिमण्यांची मोजदाद झाली, ती आधी मेलेल्या चिमण्यांची. चिमणी धान्य खाते म्हणून इंग्लंडमधल्या गावोगावच्या चर्चच्या हिशेबवह्यांत चिमण्यांच्या मुंडक्यांवर दिलेल्या बक्षिसांच्या रकमा लिहिलेल्या आहेत. पुढं तिथं चिमण्या मारण्यासाठी खास मंडळं निघाली. चीनमध्ये १९५८ साली चार उपद्रवी जीवांविरुद्ध मोहीम निघाली. त्या चारांत उंदीर, माश्या, डास आणि चिमणी. ती चिमणी आपल्या घरचिमणीची चुलत बहीण. लोकांनी थाळ्या-पिंपं बडवून पाखरांना बसू दिलं नाही, ती दमून खाली पडली. पण चिमणी पिल्लांना दाणे नाही, किडे भरवते. १९६० मध्ये यादीतून चिमणीचं नाव काढून ढेकणाचं घालावं लागलं.

जिवंत चिमण्यांकडं नीट पाहून नोंद करण्याचं एक गमतीदार उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. १९०६-०७ चा सुमार. दहा वर्षांचा एक मुलगा छऱ्याची बंदूक घेऊन तबेल्यात उभ्या असलेल्या घोडागाडीआड दबा धरून बसला. भिंतीतल्या भोकात चिमणी अंड्यांवर आणि बाहेर खिळ्यावर नर पहाऱ्याला. मुलानं नर मारला. थोड्या वेळात दुसरा नर त्याच खिळ्यावर हजर. तोही मारला, तर तिसरा. सात दिवसांत आठ नर झाले. मुलानं हे वहीत लिहून ठेवलं. हा मुलगा म्हणजे सलीम अली. पुढं पिवळ्या गळ्याच्या एका रानचिमणीची ओळख पटवण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. १९८५ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही चिमणी आहे, 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'.

शिकारीचा भाग सोडून द्या. पण त्या नोंदीत मोजणी करणाऱ्यासाठी मोठा धडा आहे. एक घरटं म्हणजे दोन चिमण्या, असा हिशेब चालत नाही. घरट्यामागं जागेची वाट बघणारे कितीतरी असतात. आणि तो धडा आज आपल्याला कळतो, कारण एका पोरानं तो लिहून ठेवला होता.

लिहून ठेवण्याचं मोल सांगणारी दुसरी गोष्ट लंडनची. मॅक्स निकल्सन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणानं नोव्हेंबर १९२५ मध्ये भावाला बरोबर घेऊन केन्सिंग्टन गार्डन्स या बागेतल्या चिमण्या मोजल्या. भरल्या २,६०३. त्या वेळी चिमणीची कुणाला काळजी नव्हती. पण तो आकडा राहिला. त्याच बागेत १९४८ साली ८८५ चिमण्या भरल्या, १९७५ मध्ये ५४४, १९९५ मध्ये ४६ आणि २००० साली फक्त ८. पहिला आकडा नसता तर शेवटच्या आठाला काय अर्थ होता? 'पूर्वी खूप असायच्या हो', असं एखाद्या आजोबांनी म्हटलं असतं आणि लोकांनी मान डोलावली असती. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये चिमणीचं नाव चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत गेलं, ते अशा साठवलेल्या आकड्यांच्या जोरावर.

आकडे असले की कारणांचाही शोध घेता येतो. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या बर्गटोल्ड नावाच्या डॉक्टरांनी १९२१ सालीच लिहिलं होतं, की मोटारी वाढल्या, घोडे कमी झाले आणि घोड्यांच्या चंदीतून सांडणारे दाणे गेले, तशा चिमण्याही घटल्या. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या परिसरात अलीकडं झालेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की जिथं पिल्लांना पुरेसे किडे मिळत नाहीत, तिथं घरट्यांतून कमी पिल्लं उडतात. आपण अंगणात तांदळाच्या कण्या टाकतो आणि त्याच अंगणाला फरशी बसवून किड्यांना हाकलून देतो. मोबाइलच्या मनोऱ्यांना आपल्याकडं सर्रास दोष दिला जातो. मीही दिला होता. पण त्याबद्दलचा पुरावा अजून भक्कम नाही, आणि इतिहासाच्या मास्तरानं ते कबूल केलं पाहिजे.

आपल्याकडं चिमणीची चर्चा गाजली ती या शतकात. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं २०१० मध्ये पहिला जागतिक चिमणी दिन साजरा झाला. २०१२ साली दिल्लीनं चिमणीला राज्यपक्षी केलं. त्याच वर्षी एप्रिल ते जून या काळात बीएनएचएस आणि इतर संस्थांनी 'सिटिझन स्पॅरो' नावाची पाहणी केली. आज तुमच्याकडं चिमण्या दिसतात का आणि पूर्वी दिसायच्या का, असं सामान्य लोकांना विचारलं. देशभरातून हजारो नोंदी आल्या. दुसरा प्रश्न आठवणीवर सोडावा लागला, कारण जुने आकडेच नव्हते. पुढं पक्षीनिरीक्षकांच्या लाखो नोंदी एकत्र करून २०२० साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्याचा निष्कर्ष अनेकांना धक्का देणारा होता. देशभराचा विचार केला तर गेल्या पंचवीसेक वर्षांत चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे, घट आहे ती मुख्यतः मोठ्या महानगरांत.

म्हणजे शाळेतली ती मुलगी बरोबर होती. पण मंडळी, इथं एक मेख आहे. पक्षीनिरीक्षक दुर्बीण घेऊन धरणावर जातो, जंगलात जातो. तालुक्याच्या बाजारपेठेत, भुसार दुकानासमोर गळ्यात दुर्बीण अडकवून कोण उभं राहणार? महानगर होण्याच्या वाटेवर असलेली आमच्यासारखी गावं नोंदीत सगळ्यात कमी आणि बदल मात्र इथंच सगळ्यात वेगानं.

म्हणून आम्ही ठरवलं, की आपल्या गावाची पहिली नोंद आपणच करायची. मी, शाळेतले विज्ञानाचे सर आणि नववीची काही मुलं. पहिल्याच बैठकीत वाद झाला. मुलं म्हणाली, 'सर, जिथं चिमण्या आहेत तिथंच उभं राहू.' विज्ञानाच्या सरांनी समजावलं, की तसं केलं तर सगळं गाव चिमण्यांनी भरलेलं दिसेल. मग गावाच्या नकाशावर सारखे चौकोन आखले, चिठ्ठ्या टाकल्या आणि जो चौकोन निघेल तिथं जायचं असं ठरलं. गावठाण निघो, बंगल्यांची कॉलनी निघो की उसाचा बांध.

नियम साधे होते. सूर्योदयानंतरच्या दोन तासांत जायचं. एका जागी पंधरा मिनिटं उभं राहायचं. उडून पुन्हा आलेली चिमणी दोनदा मोजायची नाही. गळ्याखाली काळा डाग असलेला नर आणि मातकट मादी वेगवेगळी लिहायची. घरट्याच्या तोंडाशी बसून सारखा चिवचिवणारा नर दिसला तर त्याच्यापुढं खूण करायची, कारण त्याच्या ताब्यात घरट्याची जागा आहे असा त्याचा अर्थ. प्रत्येक जागी वेगवेगळ्या दिवशी पुन्हा जायचं. आणि शेवटचा नियम, एकही दिसली नाही तर शून्य लिहायचं. पान कोरं ठेवायचं नाही.

मुलांना सगळ्यात जड गेला तो हाच नियम. माझ्या कॉलनीच्या चौकोनात पंधरा मिनिटं उभा राहिलेला मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, 'सर, काहीच दिसलं नाही, काय लिहू?' मी म्हटलं, 'शून्य लिही. कोऱ्या पानाचा अर्थ कुणी गेलंच नाही असा होतो. शून्याचा अर्थ आपण गेलो होतो, पाहिलं होतं आणि चिमणी नव्हती.' हे त्याला सांगताना ते मलाच नव्यानं कळत होतं. वर्गात मी 'चिमणी संपली' म्हणालो होतो, ते माझं कोरं पान होतं.

आमच्या वहीतले आकडे मी आज सांगत नाही. एका हंगामाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढायचा नसतो. पण मांडणी बोलकी आहे. पिठाची गिरणी, अडत दुकानं, गुरांचा गोठा, कौलारू घरांची ओळ, बोरी-बाभळीचं काटेरी कुंपण, हे जिथं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहे तिथं चिमण्या आहेत. भिंत गुळगुळीत, धान्य पाकिटात आणि अंगणात फरशी आहे तिथं नाहीत. चिमणीला एकच गोष्ट पुरत नाही. दाणा हवा, भोक हवं आणि किडाही हवा. चिऊ-काऊच्या गोष्टीत मेणाचं घर पावसात टिकलं होतं. आता सिमेंटचं घर टिकतं, पण त्यात चिऊला शिरायला जागा ठेवलेली नाही.

आता शेवटची गोष्ट. मार्केट यार्ड गावाबाहेर, वळणरस्त्याला न्यायचं ठरलं आहे. जुनी पत्र्याची दुकानं पाडून तिथं व्यापारी संकुल होणार. त्यात कुणाची चूक आहे असं मी म्हणत नाही. हमालांना नवीन जागेत सोयी होतील, गाड्यांची कोंडी सुटेल. पण त्या पत्र्याखालच्या चिमण्या यार्डाबरोबर जातील की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. ही पाखरं फार लांब जाणारी नाहीत, आपल्या परिसरातच आयुष्य काढतात. एवढं मात्र खरं, की दहा वर्षांनी कुणी विचारलं, 'इथं चिमण्या होत्या का हो?' तर उत्तर कुणा म्हाताऱ्याच्या आठवणीवर अवलंबून राहणार नाही. तारीख, वेळ, नर किती, माद्या किती, सगळं वहीत आहे.

ती वही आता त्या हमालाच्या मुलीकडं असते. ती दहावीत आहे. अभ्यासाचं वर्ष म्हणून मी वही परत मागितली, तर म्हणाली, 'राहू द्या सर, पंधरा मिनिटांचं तर काम आहे.'

तुमच्याही गावात पंधरा मिनिटं निघतील. एक जागा ठरवा, घड्याळ लावा आणि मोजा. दिसल्या तर आकडा लिहा. नाही दिसल्या तर शून्य लिहा. आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी, त्याच जागी पुन्हा उभे राहा.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)