किल्ली आणि सूची : महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या वाटचालीचा मागोवा

मुळा नदीच्या काठावरील महाळुंगे हे मुळशी तालुक्यातील गाव. १९९४ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने बालेवाडी-महाळुंगे परिसरात भव्य क्रीडासंकुल उभे राहिले. पुढे शेजारच्या हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाचे उद्योग आले, शेतांच्या जागी इमारती आल्या आणि जून २०२१ मध्ये हे गाव पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले. याच तालुक्यातील लवळ्याच्या टेकड्यांवर आज विद्यापीठे नांदत आहेत. जुन्या महाविद्यालयांत जिला नुसते ‘लायब्ररी’ म्हटले जाई, तिला नव्या संस्थांच्या माहितीपुस्तकांत ‘ग्रंथालय व अध्ययन केंद्र’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव बदलले ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु नावाबरोबर वृत्ती बदलली काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी, ज्या पुण्याच्या विद्यापरंपरेच्या छायेत या नव्या संस्था वाढल्या, तिच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

ग्रंथसंग्रहाची परंपरा आपल्याकडे फार प्राचीन आहे. पाटण, खंभात, जैसलमेर येथील ज्ञानभांडारे, विदर्भातील कारंजा आणि कर्नाटकातील मूडबिद्री येथील शास्त्रभांडारे यांनी परचक्रे, आगी, दुष्काळ आणि वाळवी या सर्वांना तोंड देऊन ताडपत्रे व हस्तलिखिते शतकानुशतके सांभाळली. ही सेवा सामान्य नव्हे. मात्र सांभाळण्याच्या काळजीतून कुलूप जन्माला आले आणि कालांतराने कुलूप हाच धर्म होऊन बसला. षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेची मूडबिद्री येथील ताडपत्रे दीर्घकाळ केवळ दर्शनासाठी बाहेर येत. भाविक त्यांना वंदन करीत, पण त्यांत काय लिहिले आहे हे वाचणारा विरळाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रतिलेखनाचे प्रयत्न सुरू झाले. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी त्यासाठी घेतलेले परिश्रम सर्वश्रुत आहेत. शेवटी १९३९ साली या ग्रंथाचा पहिला छापील खंड प्रसिद्ध झाला तो अमरावतीहून. त्याचे संपादक डॉ. हिरालाल जैन हे तेथील किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक होते. भांडाराने ग्रंथ जगवला आणि महाविद्यालयातील एका अध्यापकाने तो वाचकांच्या हाती दिला. ग्रंथालयाच्या कार्याची ही दोन अंगे येथे स्पष्ट दिसतात.

पुण्यात या दोन अंगांचा मिलाफ डेक्कन कॉलेजमध्ये झाला. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिच्याच परंपरेतून पुढे डेक्कन कॉलेज घडले आणि १८६८ साली ते येरवड्याच्या वास्तूत गेले. त्याच सुमारास मुंबई सरकारने संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या शोधाचे काम हाती घेतले होते. बूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी पंडितांनी गुजरात, राजस्थान व महाराष्ट्रात हिंडून हस्तलिखिते मिळवली. १८७४ साली बूलर हे हेर्मान याकोबी या तरुण अभ्यासकासह उंटांच्या वाटेने जैसलमेरला पोहोचले, ते याच कामासाठी. जमलेला संग्रह डेक्कन कॉलेजात ठेवण्यात आला. संस्कृतच्या प्राध्यापकाने वर्गात शिकवावे आणि या ठेव्याकडेही लक्ष द्यावे, अशी ती व्यवस्था होती.

६ जुलै १९१७ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी हा सरकारी संग्रह तेथे आला. परशुराम कृष्ण गोडे हे १९१९ पासून १९६१ साली निधन होईपर्यंत संस्थेचे क्युरेटर होते. ग्रंथरक्षक म्हणजे केवळ पहारेकरी नव्हे, हे त्यांच्या कारकिर्दीने दाखवून दिले. स्वतः विपुल लेखन करीत असतानाच त्यांनी असंख्य अभ्यासकांच्या पृच्छांना उत्तरे दिली. संग्रहातील जैन वाङ्मयाची वर्णनात्मक सूची हिरालाल रसिकदास कापडिया यांनी तयार केली व तिचे भाग १९३५ पासून प्रसिद्ध होऊ लागले. १९४४ साली मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाचे प्राध्यापक ह. दा. वेलणकर यांचा ‘जिनरत्नकोश’ याच संस्थेने प्रकाशित केला. कोणता ग्रंथ कोणी रचला आणि त्याची हस्तलिखिते कोठे आहेत, हे त्यात अकारविल्हे पाहता येते. दूरच्या गावातील अभ्यासकालाही आपला ग्रंथ कोणत्या कपाटात आहे हे त्यामुळे प्रथमच घरबसल्या कळू लागले. किल्लीने एक कपाट उघडते. सूचीने मात्र साऱ्या देशातील कपाटे उघडतात.

ही दृष्टी छापील पुस्तकांच्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत रुजवण्याचे श्रेय डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्याकडे जाते. मूळचे गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र असे की, ग्रंथ हे उपयोगासाठी असतात. हे विधान आज सामान्य वाटेल, पण पुस्तके जाळीच्या कपाटात ठेवून चिठ्ठीवर देण्याच्या काळात ते क्रांतिकारक होते. वाचकाने स्वतः मांडणीपाशी जावे, पुस्तक हाताळावे आणि शोधायला गेलेल्या पुस्तकाच्या शेजारचे दुसरे पुस्तक त्याला भेटावे, हा मुक्तद्वार पद्धतीचा गाभा होय. स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठाच्या अंदाजपत्रकापैकी सुमारे सव्वासहा टक्के रक्कम ग्रंथालयावर खर्च व्हावी असे सुचवले. १९५७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने रंगनाथन यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. दर विद्यार्थ्यामागे १५ रुपये आणि दर अध्यापकामागे २०० रुपये ग्रंथालयासाठी मिळावेत, अशी तिची शिफारस होती.

तथापि शिफारस आणि व्यवहार यांच्यामध्ये एक साधी भीती उभी होती, आणि ती म्हणजे पुस्तक हरवण्याची. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत पाहिलेला एक प्रसंग येथे नमूद करावासा वाटतो. आमच्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल मोठे ग्रंथप्रेमी होते. त्यांनी एका वर्षी कपाटांची कुलपे काढली आणि आम्हां मुलांना आत सोडले. खेड्यांतून आलेल्या आमच्यापैकी अनेकांनी एवढी पुस्तके एकत्र त्यापूर्वी पाहिलीही नव्हती. वर्षअखेरीस दाखल नोंदवही घेऊन पडताळणी झाली. तेवीस पुस्तके कमी भरली. त्यांची किंमत ग्रंथपालांच्या वेतनातून हप्त्याहप्त्याने कापण्यात आली. पुढील जूनमध्ये कपाटांना पुन्हा कुलपे लागली. त्या वर्षीच्या पडताळणीत एकही पुस्तक गहाळ नव्हते आणि व्यवस्थापनाने समाधान व्यक्त केले. त्या वर्षी किती पुस्तके वाचली गेली, हे मात्र कोणीही विचारले नाही.

त्या सद्गृहस्थांवर अन्याय झाला, एवढ्यापुरतीच ही गोष्ट नाही. ज्या व्यवस्थेत हरवलेल्या पुस्तकाचा हिशेब घेतला जातो आणि न वाचलेल्या पुस्तकाचा घेतला जात नाही, त्या व्यवस्थेत शहाणा माणूस कुलूपच लावणार. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियमांनी, २००५ साली आणि पुन्हा २०१७ साली, याबाबत समंजस भूमिका घेतली आहे. वर्षभरात वाचकांनी नेलेल्या वा हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, त्यात अप्रामाणिकपणा वा हलगर्जीपणा नसेल तर, वाजवी मानावी असे तो नियम सांगतो. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे आणि दुर्मिळ ग्रंथ हरवले तर मात्र चौकशी अटळ आहे. हा नियम केंद्रीय कार्यालयांचा असला तरी खासगी न्यासांच्या महाविद्यालयांना त्याचा आदर्श घेण्यास कोणतीच अडचण नाही. यातील मर्म असे की, हानीचे मोजमाप कपाटातील पुस्तकांवर नव्हे, तर वापरल्या गेलेल्या पुस्तकांवर केले आहे. जितका वापर अधिक, तितकी सूट अधिक.

गेल्या तीन दशकांत ग्रंथालयाचे रूप पालटले. १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने, म्हणजे ‘नॅक’ने, ग्रंथालयाकडे अध्ययनाचे साधन म्हणून पाहण्यास महाविद्यालयांना भाग पाडले. १९९१ साली सुरू झालेल्या ‘इन्फ्लिबनेट’ने संगणकीकरणाची वाट दाखवली आणि २०१० पासून ‘एन-लिस्ट’ योजनेतून हजारो नियतकालिके व ई-ग्रंथ महाविद्यालयांच्या आवाक्यात आणले. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेखाली तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके उपलब्ध झाली. ही योजना आरंभी केंद्र व राज्य शासनाच्या संस्थांपुरती ठेवण्यात आली, म्हणून न्यासांनी चालवलेल्या महाविद्यालयांची जबाबदारी वाढते.

परंतु साधने बदलली तरी जुनी भीती नव्या रूपाने येऊ शकते. किल्लीची जागा आता परवलीच्या शब्दाने घेतली आहे. वर्गणी भरली, पण विद्यार्थ्याला तो शब्दच मिळाला नाही, किंवा मिळूनही शोध कसा घ्यावा हे कोणी शिकवले नाही, तर ते भांडारही बंदच म्हणावे लागेल. अध्ययन केंद्र हे नाव सार्थ व्हायचे असेल तर काही साध्या गोष्टी पुरेशा आहेत. वर्गाच्या वेळेनंतरही उघडी असणारी अभ्यासिका हवी. गरजू विद्यार्थ्याला वर्षभरासाठी क्रमिक पुस्तके देणारी ग्रंथपेढी हवी. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात सूची कशी पाहावी हे शिकवणारा तास हवा, ‘कमवा आणि शिका’ योजनेतील मुलांना ग्रंथालयात काम हवे, आणि ग्रंथपालाला अध्यापकांच्या बरोबरीने मान हवा. घरात अभ्यासाला कोपरा नसलेल्या मुलासाठी ग्रंथालयातील ती खुर्ची हाच महाविद्यालयाचा सर्वांत मोलाचा भाग असतो.

कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी होते. या दिवसांत ग्रंथ बाहेर काढून धूळ झटकण्याची, नवी वेष्टने घालण्याची प्रथा आहे. ज्या परंपरेने ग्रंथांना कुलपात जपले, तिनेच ते उघडण्याचा दिवसही नेमून दिला आणि शास्त्रदानाला दानांमध्ये स्थान दिले, हे आपण विसरता कामा नये. महाविद्यालयीन ग्रंथालयात मात्र हा दिवस वर्षातून एकदा नव्हे, तर रोज उगवायला हवा. महाळुंग्याच्या आसपास उभ्या राहणाऱ्या नव्या वास्तूंत संगणक असतील, वातानुकूलन असेल, काचेच्या भिंती असतील. पुढील पडताळणीच्या वेळी संचालकांनी ‘किती पुस्तके कमी भरली’ या प्रश्नाच्या आधी ‘किती पुस्तके वाचली गेली’ हा प्रश्न विचारला, तर त्या वास्तूंतील ग्रंथालये खऱ्या अर्थाने अध्ययन केंद्रे झाली असे म्हणता येईल.