प्रोटीन कायनेज ए

संप्रेरकाचा निरोप पेशीतल्या कामकरी प्रथिनांपर्यंत पोचवणारे एंझाइम. एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या टोकाचा फॉस्फेट गट काढून तो दुसऱ्या प्रथिनातील सेरीन किंवा थ्रिओनीन या ॲमिनो आम्लावर बसवायचा, एवढेच त्याचे काम. पण फॉस्फेट बसताच त्या प्रथिनाचा विद्युतभार बदलतो, बहुधा आकारही बदलतो. मग ते कामाला लागते किंवा चालू काम थांबवते. माणसाच्या जनुकसंचात कायनेज प्रथिनांची पाचशेहून अधिक जनुके आहेत. प्रोटीन कायनेज ए हे त्या कुळातले सर्वांत कसून अभ्यासले गेलेल्यांपैकी एक.

अंधारात कुत्रा अंगावर धावून आला की ॲड्रेनलिन रक्तात उतरते. ते पेशीच्या आत शिरत नाही. बाहेरच्या ग्राहीला चिकटते. ग्राही आतल्या जी-प्रथिनाला जागे करतो, जी-प्रथिन ॲडेनिलिल सायक्लेज या एंझाइमाला, आणि ते एटीपीपासून सायक्लिक एएमपी हा छोटा रेणू भराभर तयार करते. हा रेणू प्रोटीन कायनेज एला मोकळे करतो. स्नायूत ते फॉस्फोरिलेज कायनेजवर फॉस्फेट बसवते, ते पुढे ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजवर, आणि साठवलेले ग्लायकोजेन फुटू लागते. त्याच वेळी ग्लायकोजेन बनवणारे एंझाइमही बंद पाडले जाते. दर टप्प्यावर एक रेणू अनेकांना हलवतो, म्हणून रक्तातले अत्यल्प ॲड्रेनलिनही पळायला पुरते.

या साखळीच्या कड्या शेवटाकडून सापडत गेल्या. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५५च्या सुमारास दाखवले की, स्नायूतले फॉस्फोरिलेज चालू होते ते एका फॉस्फेटमुळे. (क्रेब्ज चक्राचे हान्स क्रेब्ज ते हे नव्हेत.) सायक्लिक एएमपी अर्ल सदरलँड यांना यकृतावरील प्रयोगांत सापडले, त्यांना १९७१चे नोबेल मिळाले. या दोन शोधांना जोडणारे प्रोटीन कायनेज ए १९६८मध्ये वॉल्श, पर्किन्स आणि क्रेब्ज यांनी सशाच्या स्नायूतून वेगळे केले. फिशर-क्रेब्ज यांना नोबेल मिळायला मात्र १९९२ साल उजाडले. इतक्या मूलभूत कामासाठी हा उशीरच.

विश्रांतीत हे एंझाइम चार तुकड्यांचे असते: दोन क्रियाशील, दोन नियामक. नियामक तुकड्याचा एक भाग क्रियाशील तुकड्याच्या खाचेत जाऊन बसतो आणि खऱ्या गिऱ्हाइकाची वाट अडवतो. सायक्लिक एएमपीचे चार रेणू नियामक तुकड्यांना चिकटले की ही पकड सुटते. क्रियाशील तुकड्याची त्रिमितीय रचना सॅन डिएगोतील सुझन टेलर आणि सहकाऱ्यांनी १९९१मध्ये प्रसिद्ध केली. कुठल्याही प्रोटीन कायनेजची ही पहिली रचना. पुढे इतर कायनेजांतही तोच गाभा आढळला.

एकच एंझाइम हृदयात एक आणि मूत्रपिंडात भलतेच काम कसे करते? एक तर प्रत्येक पेशीत त्याच्यासमोर वेगळी प्रथिने असतात. शिवाय त्याला ठरावीक जागी दावणीला बांधून ठेवणारी अँकरिंग प्रथिने असतात. हृदयात ते कॅल्शियमच्या मार्गिका आणि फॉस्फोलँबन यांवर फॉस्फेट बसवते. ठोका जोरकस होतो आणि स्नायू लवकर सैलावतो. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधे ही साखळी ग्राहीपाशीच अडवतात. मूत्रपिंडात त्याच्यामुळे पाण्याच्या मार्गिका पेशीपटलावर येतात आणि पाणी शरीरात राखले जाते. चेतापेशीत ते क्रेब या प्रथिनामार्फत जनुके चालू करते. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर केलेल्या स्मृतीच्या अभ्यासात या मार्गाला मोठे स्थान आहे.

निरोप थांबवण्याची सोयही तितकीच महत्त्वाची. फॉस्फोडायएस्टरेज सायक्लिक एएमपी मोडते, फॉस्फेटेज बसलेला फॉस्फेट काढते. कॅफिन फॉस्फोडायएस्टरेजला रोखते असे शिकवले जाते. ते खरे असले तरी कपभर कॉफीतल्या मात्रेला ते फारसे लागू नाही. तिथे तरतरी येते ती ॲडेनोसिनचे ग्राही अडवल्यामुळे.

थांबणे जमले नाही तर काय होते, ते कॉलऱ्यात दिसते. १९५९मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवले की, जंतू गाळून काढलेला द्रवही आतड्यात पाणी साचवतो. म्हणजे रोगाचे मूळ जंतूंनी सोडलेल्या विषात आहे. हे विष कायनेजला हातही लावत नाही. ते जी-प्रथिन चालू स्थितीतच अडकवते. आतड्याच्या पेशीत सायक्लिक एएमपी साचत जाते, प्रोटीन कायनेज ए सीएफटीआर ही क्लोराइडची मार्गिका उघडते, आणि क्लोराइडमागोमाग सोडियम व पाणी बाहेर पडते. रोगी काही तासांत सुकतो. मात्र साखरेबरोबर सोडियम आत घेणारी आतड्यातली वाट या बिघाडातही शाबूत राहते. १९७१मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून मृत्यूंचे प्रमाण खूपच खाली आणले, ते याच वाटेने.