फ्रेडरिकसन, बार्बरा

(जन्म १९६४). अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९९० मध्ये डॉक्टरेट. मिशिगन विद्यापीठात व पुढे चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अध्यापन.

भीती माणसाला पळायला लावते, राग भांडायला. आनंद, कुतूहल, कृतज्ञता कशासाठी, हा प्रश्न त्यांनी १९९८ च्या निबंधात मांडला. तोवर मानसशास्त्राचे बहुतेक लक्ष दुःखद भावनांकडेच होते, म्हणून या प्रश्नाचे मोल मोठे. त्यांच्या ‘विस्तार आणि उभारणी’ सिद्धांतानुसार सुखद भावनेत विचारांचा आवाका वाढतो, आणि त्या काळात जमलेली कौशल्ये व नाती भावना ओसरल्यावरही कामी येतात. एका प्रयोगात ऐनवेळी भाषणाच्या तयारीला लावून काहींना ताण दिला गेला. मग सुखद चित्रफीत पाहिलेल्यांचे हृदय व रक्ताभिसरण दुःखद चित्रफीत पाहिलेल्यांपेक्षा लवकर पूर्ववत झाले.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३९ नोकरदार होते. त्यांतील काहींना मैत्रीभावनेचे ध्यान शिकवले गेले. त्यांच्या रोजच्या सुखद भावना हळूहळू वाढल्या, इतरांचा आधार अधिक जाणवू लागला. हे ध्यान बौद्ध परंपरेतले; इगतपुरीच्या विपश्यना शिबिरांतील मंगल मैत्रीही त्याच परंपरेतली.

सुखद आणि दुःखद भावनांचे प्रमाण २.९०१३ च्या वर गेले की जीवन बहरते, हा मार्सिअल लोसाडा यांच्यासह २००५ मध्ये केलेला दावा मात्र टिकला नाही. ब्राऊन, सोकल व फ्रीडमन यांनी २०१३ मध्ये त्यामागील गणित निराधार असल्याचे दाखवले आणि ते मागे घ्यावे लागले. भावनांना चार दशांश स्थळांपर्यंत मोजण्याचा अट्टहासच चुकीचा होता. विस्तार-उभारणीचा सिद्धांत त्या आकड्यावर उभा नाही, हेही नोंदवले पाहिजे.

उत्तरकालीन लेखनात, विशेषतः ‘लव्ह २.०’ (२०१३) या ग्रंथात, त्या प्रेमाकडे कायमचे बंधन म्हणून न पाहता दोन माणसांत क्षणभर जुळणारी अवस्था म्हणून पाहतात. त्यात सुखद भावना दोघांची होते, एकमेकांविषयी आस्था जागते, हावभाव आणि शरीरक्रिया जुळू लागतात. असा क्षण जोडीदाराबरोबर येतो, तसा दुकानदाराशी किंवा बसमधल्या अनोळखी प्रवाशाशी बोलतानाही येऊ शकतो. त्यासाठी समोरच्याची भीती नसावी आणि नजर, आवाज वा स्पर्श यांनी त्याच वेळी प्रत्यक्ष संपर्क व्हावा, या अटी त्या घालतात.